बायो सोडू की मॅथ्स?

मागच्या शनिवारी जेऊरला घरी गेलो होतो. चहा संपायच्या आत भाचीने विचारलं, "मामा, अकरावीला बायो सोडू की मॅथ्स?" मी म्हटलं, दोन्ही ठेव. झालं! सगळी मंडळी माझ्यावर तुटून पडली. क्लासच्या सरांनी म्हणे बजावलंय, एक काहीतरी धर, नाहीतर एक ना धड भाराभर चिंध्या.

ही म्हण आपल्याकडे फार लवकर बाहेर काढतात. म्हणून हा लेखप्रपंच.

दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७-१९६६) हे नाव आपण ऐकतो ते इतिहासकार म्हणून. माणसाचा पोटापाण्याचा धंदा मात्र गणित. १९३३ पासून बारा वर्षं पुण्यात फर्ग्युसनमध्ये शिकवलं, मग १९६२ पर्यंत मुंबईत टीआयएफआर.

फर्ग्युसनमध्ये असतानाच, १९४३ मध्ये, त्यांनी एक पद्धत मांडली. एखादी गोष्ट सतत वेडीवाकडी बदलत असेल, तर त्या गोंधळातून मोजके मुख्य आकृतिबंध वेगळे कसे काढायचे? कार्हुनेन आणि लोएव्ह या दोघांचं नाव ज्या पद्धतीला लागलं तीच ही, त्यांच्याआधी काही वर्षं. पुढे १९६७ मध्ये लम्लीने ती खळाळत्या प्रवाहांच्या अभ्यासात आणली आणि भौतिकशास्त्रात तिचं बस्तान बसलं. आपण ऑफिसात रोज चालवतो ती पीसीए तिचीच चुलत बहीण.

दुसऱ्याच वर्षी, १९४४ मध्ये, हेच गृहस्थ जनुकशास्त्रात! प्रश्न असा. एकाच गुणसूत्रावरच्या दोन जनुकांमधलं अंतर मोजायचं तर पुढच्या पिढीत ती किती वेळा वेगळी झाली ते मोजतात. पण मध्ये दोनदा अदलाबदल झाली तर ती परत जोडीने दिसतात, आणि मोजणी चुकते. हाल्डेनने १९१९ मध्ये सूत्र दिलं, त्यात प्रत्येक अदलाबदल स्वतंत्र धरली होती. प्रत्यक्षात एक झाली की जवळपास दुसरी होणं अवघड जातं. कोसंबींनी हा अडथळा हिशेबात धरला. जनुकं २० टक्के वेळा वेगळी झाली, तर हाल्डेनच्या सूत्राने अंतर येतं साधारण २५.५ सेंटिमॉर्गन, कोसंबींच्या सूत्राने २१.२.

हे आपल्यापासून लांबचं वाटतंय? जेऊरच्या रानात आता उजनीच्या पाण्यावर ऊस आणि केळी दिसतात, पण ताटातली भाकरी मालदांडीचीच. मालदांडीची एम ३५-१ ही जात आपल्याच जिल्ह्यात, मोहोळला निवडली गेली. आज ज्वारीचे जनुकीय नकाशे करणारे शास्त्रज्ञ अंतर काढायला कोसंबींचं सूत्र सर्रास वापरतात. आता सांगा, हे बायो की मॅथ्स?

कोणीतरी रीमानचा विषय काढणारच. काढा. उतारवयात कोसंबींनी रीमानचं गृहीतक सिद्ध केल्याचा दावा केला, तोही शेतकी सांख्यिकीच्या जर्नलमधून. तो चुकीचा होता, आणि नाव बरंच खराब झालं. पण घसरले कुठे ते बघा ना! जनुकांत नाही. जुनी नाणी हजारोंनी तोलून, झिजेवरून त्यांचा काळ लावला, तिथेही नाही. घसरले ते गणिताच्या स्वतःच्या अंगणात. तिथेही ते संभाव्यताशास्त्र घेऊन शिरले होते, कबूल. पण सूत्र संकराच्या आकड्यांवर पारखता येतं, नाणं तराजूत टाकता येतं. सिद्धतेला तसा तराजू नसतो, तिथे प्रत्येक पायरी दुसऱ्याने तपासावी लागते. म्हणजे दोष कुंपण ओलांडण्याचा नाही, कच्च्या पायऱ्यांचा आहे. आणि कच्ची पायरी एकाच विषयात जन्म काढणाऱ्यालाही चुकत नाही.

सगळ्यांनी कोसंबी व्हावं असं मी म्हणत नाही. चार विषय झेपत नसतील तर एक जरूर सोडावा. पण "मिसळत नाहीत" म्हणून सोडायला लावणं ही शुद्ध लबाडी आहे. सीईटीचे पीसीएम आणि पीसीबी हे गट परीक्षेच्या सोयीसाठी आहेत. गुणसूत्राला ते ठाऊक नाहीत.

असो. भाचीने फॉर्मवर दोन्ही विषय लिहिलेत. पेन्सिलने. सरांना भेटायला पुढच्या शनिवारी मीच जाणार आहे.