पटकथा घरीच ठेवा, बॉस!

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'चा ग्रुप जमवताय? मस्त! १९७४ पासून या गेमचा फंडा एकच : डन्जन मास्टर, म्हणजे डीएम, प्रसंग उभा करतो, काय करायचं ते खेळाडू ठरवतात. नव्या डीएमला नेमकं हेच झेपत नाही. अख्खी पटकथा लिहून आणतात! खेळाडू डावीकडे वळोत की उजवीकडे, गुहा तीच. आठवडाभर ऑफिसात बॉसचं ऐकायचं आणि शनिवारीही तेच? मंडळी हळूहळू कलटी मारतात.

दुसरा घोळ फाशाचा. चोरदरवाजा सापडला तरच गोष्ट पुढे सरकणार, आणि त्यासाठी वीस बाजूंच्या फाशावर किमान १५ हवेत. बोनस नसेल तर वीसपैकी चौदा वेळा सगळे भिंतीकडे बघत बसणार. मी अशा एका भिंतीसमोर पाऊण तास काढलाय, पिझ्झा गार होईस्तोवर. अरे, दाखवून टाका ना दरवाजा! फासा टाकायचा तो दार आवाज न करता उघडतं का, यासाठी. हुकलं की आतला पहारेकरी जागा होतो, आणि खरी धमाल तिथून सुरू होते.

नियमावर अडलं? पटकन निर्णय द्या, पुस्तक नंतर चाळा. आणि कोपऱ्यात गप्प बसलेला तो नवा मेंबर... त्याला नाव घेऊन विचारा, 'तू काय करतोयस?'