इमूचा एक्स-रे कोणी काढायचा?

"डॉक्टर, माणसाची प्लेट निघते, मग आमच्या पाखराची का नाही?" इमूपालनाच्या दिवसांत हा प्रश्न मला अनेकदा ऐकावा लागला. प्रश्न रास्त आहे, म्हणून आज त्याविषयी.

इमू हा मूळचा ऑस्ट्रेलियातला, न उडणारा पक्षी. उंची पाच-सहा फूट, वजन तीस-चाळीस किलो. तेल आणि मांसाच्या आशेने महाराष्ट्रातही शेतकऱ्यांनी तो पाळला. २०१२ साली तामिळनाडूतील पेरुंदुराईचा इमू गुंतवणूक घोटाळा उघडकीस आला आणि धंदा बसला. बुडालेला पैसा सर्वांनी मोजला. पक्ष्यांच्या उपचाराची आबाळ कोणी मोजली नाही.

इमूच्या पिलांचे पाय वाढीच्या वयात वाकडे होतात. आहारातील कॅल्शियम-फॉस्फरसचा मेळ चुकणे, वजन झपाट्याने वाढणे, फिरायला जागा नसणे ही त्याची कारणे. हाड पिळले की मोडले, हे एक्स-रेशिवाय नक्की कळत नाही. दुसरे दुखणे पोटाचे. हा पक्षी खिळा, तार, काच काहीही गिळतो, आणि पोलादाच्या कारखान्यांच्या आपल्या जालन्यात भंगाराला तोटा नाही! लोखंड प्लेटवर पांढरेशुभ्र दिसते, प्लॅस्टिक बहुधा दिसतच नाही. शिवाय अन्न दळण्यासाठी इमू मुद्दाम खडे गिळतो. ते खडे पाहून माझ्यासारखा माणसांचा डॉक्टर रोग समजेल. सोनोग्राफी करावी, तर पक्ष्याच्या अंगातल्या हवेच्या पिशव्या आड येतात.

म्हणून पाखराची प्लेट पशुवैद्यकानेच वाचावी, आणि ती माणसांच्या एक्स-रे केंद्रात काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. इमूची लाथ जबर असते. त्याला धरायला दोन-तीन माणसे लागतात आणि ती किरणांजवळ येतात. शिशाचा एप्रन नसलेल्याने, लहान मुलांनी व गरोदर स्त्रीने तिथे थांबूच नये.

परभणीला पशुवैद्यक महाविद्यालय आहे, पण पाय मोडलेले जनावर टेम्पोतून तिथवर नेताना त्याचे हाल होतात. प्रत्येक जिल्ह्याच्या मोठ्या पशुचिकित्सालयात चालू एक्स-रे यंत्र आणि ते चालवणारा माणूस हवाच. वासरांना, कुत्र्यांनाही त्याचा उपयोग होईल.

इमूनंतर २०१९ साली इस्लामपूरचा कडकनाथ घोटाळा गाजला. पुढची लाटही येईल. तेव्हा भाव विचाराल तसे हेही विचारा: हा जीव आजारी पडला, तर त्याला तपासणार कोण, आणि कुठे?