प्रवाळ पाळणाऱ्यांनो, हात आवरा

हे लिहितोय ते परदेशात बिऱ्हाड थाटलेल्या आणि दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची टाकी मांडलेल्या मराठी मंडळींसाठी. भारतातल्या वाचकांना शेवटी वेगळं सांगायचं आहे; तोवर त्यांनी पाकिटाला हात लावू नये.

टणक प्रवाळाच्या मऊ अंगाखाली चुनखडीचा सांगाडा असतो. तो दगडासारखा दिसतो, म्हणून आपणही त्याला दगडासारखं वागवतो. उचलतो, फिरवतो, जागा बदलून बघतो. माझा पहिला अ‍ॅक्रोपोरा मी असाच मारला. रंग फिका वाटला म्हणून दिव्याजवळ नेला. टोकं पांढरी पडली म्हणून खाली आणला. मग पाणी तपासलं, अल्कलिनिटी, म्हणजे आम्लता पचवायची पाण्याची ताकद, 6.5 डीकेएच निघाली, तर एकाच संध्याकाळी ती 9 वर चढवली. दुसऱ्या दिवशी सकाळी बुडाकडून कातडी सोलून निघत होती आणि दुपारपर्यंत नुसता पांढरा सांगाडा उरला. 6.5 नं तो मेला नव्हता, माझ्या उत्साहानं मेला.

तेव्हा पहिली विनंती हीच: आकड्याच्या मागे धावू नका, आकडा जागेवर ठेवा. समुद्रात अल्कलिनिटी 7 डीकेएचच्या आसपास असते, कॅल्शियम 410 ते 420 पीपीएम, मॅग्नेशियम 1300च्या जवळ. टाकीत 8 बरी की 8.5, यावर लोक रात्र रात्र वाद घालतात. घालू द्या. तुम्ही एक आकडा धरा आणि चुकलाच तर दिवसाला अर्ध्या डीकेएचहून जास्त दुरुस्ती करू नका. आधी अल्कलिनिटीच का बघायची? प्रवाळ सांगाडा बांधताना 1 डीकेएच खर्चतो तेव्हा कॅल्शियम साधारण 7 पीपीएमनं उतरतं. 420 मधले 7 गेलेले घरगुती किटला कळतही नाहीत. 8 मधला 1 गेला की लगेच दिसतो. म्हणून सुरुवातीला अल्कलिनिटी रोज, ठरलेल्या वेळी तपासा आणि वहीत लिहा. कॅल्शियम पंधरा दिवसांतून एकदा बघितलं तरी चालतं.

ही झीज भरून काढायला महागड्या बाटल्या मिळतात. पण प्रवाळ थोडे असतील तर लहान पोरांच्या पोटदुखीवर आपल्याकडे देत ती चुन्याची निवळीच पुरते. तिकडचे लोक तिला काल्कवासर या जर्मन नावानं ओळखतात. टाकीतलं पाणी उडतं, मीठ मागेच राहतं, त्यामुळे रोज गोडं पाणी घालावंच लागतं. त्या पाण्यात चुना कालवायचा, गाळ बसू द्यायचा आणि वरचं नितळ पाणी रात्री थेंबथेंब सोडायचं. रात्री अशासाठी, की दिवे मालवल्यावर टाकीचा पीएच उतरतो आणि निवळीचा 12च्या वर असतो. घाईनं ओतलीत तर सकाळी काही शिल्लक राहणार नाही. आणि हो, पानाच्या डबीतला चुना नको. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणा. हातमोजे घाला, डोळे सांभाळा.

नळाचं पाणी वापरू नका. आरओ आणि डीआय दोन्हींतून काढलेलं, टीडीएस मीटरवर 0 दाखवणारं पाणी घ्या. माशांना पांढरे ठिपके आले म्हणून तांब्याचं औषध याच टाकीत घालणारेही बघितलेत. तांबं प्रवाळाला विष आहे. मासे वेगळ्या टाकीत काढून औषध द्या.

आपल्या स्वच्छतेच्या सवयीबद्दलही बोलायला हवं. काहीजण फिल्टरवर फिल्टर लावून नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर आणतात आणि मग प्रवाळ फिका का पडला म्हणून विचारतात. त्याच्या अंगात राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाला प्रकाशाबरोबर थोडं खतही लागतं. नायट्रेट 5 ते 10 आणि फॉस्फेट 0.03 ते 0.1 पीपीएम असेल तर बिनघोर झोपा.

नव्या टाकीत अ‍ॅक्रोपोरा घालायची घाई नको, सहा महिने थांबा, वर्षभर थांबलात तर उत्तम. आधी युफिलियासारखा सोशिक जीव आणा. मात्र त्याच्याभोवती वीतभर जागा मोकळी सोडा, कारण रात्री तो लांब शुंडकं काढून शेजाऱ्याला भाजतो. विकत घेताना टाकीतच वाढवलेला तुकडा मागा, खडकावरून तोडलेला नको. घरी आणल्यावर औषधी पाण्यात बुडवून काढा, पण त्यानं किडीची अंडी मरत नाहीत हे लक्षात ठेवा. तुकडा ज्यावर चिकटवलेला असतो तो जुना प्लग काढून टाका आणि तुकडा काही आठवडे वेगळा ठेवा.

आता भारतातल्या मंडळींना. वरचं सगळं वाचून मोह झाला असेल, तर सरळ सांगतो: करू नका. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या अनुसूची 1 मध्ये सगळे टणक प्रवाळ आहेत. घरात ठेवणं, विकणं, विकत घेणं हा गुन्हा आहे आणि त्याला 3 ते 7 वर्षांची कैद होऊ शकते. ‘परदेशी माल आहे साहेब, काही होत नाही’ असं म्हणणारा दुकानदार तुम्हाला जामीन राहणार नाही. समुद्राची हौसच असेल तर क्लाऊनफिशची टाकी प्रवाळाशिवायही छान दिसते.

आणि प्रवाळ बघायचेच असतील तर ते दाराशी आहेत. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्यात आहेत, मुंबईत हाजी अलीच्या खडकांवरही आहेत. कोस्टल रोडच्या कामात 2020 मध्ये वरळी-हाजी अलीच्या 18 प्रवाळ-वसाहती उचलून दुसरीकडे लावाव्या लागल्या, तेव्हा कित्येक मुंबईकरांना पहिल्यांदा कळलं की त्या तिथे होत्या. मोठ्या उधाणाच्या दिवसांतली ओहोटीची वेळ बघा, किनाऱ्याचा अभ्यास असलेल्या कोणाबरोबर तरी जा, आणि खडकावरच्या डबक्यात तपकिरी, खडबडीत, हिरवट झाक असलेली गोल गाठ दिसली की तिथेच थांबा. पाऊल पुढे नको, उकिडवं बसूनच बघा.