माजघरांतील विज्ञान : कानांवरचें ओझें

मराठी भाषेंत 'भारी' हा शब्द मोठा फसवा आहे. जें वजनदार तेंही भारी, आणि जें उंची व मूल्यवान तेंही भारी. भारी शालजोडी, भारी लुगडें, भारी पितळी पातेलें असें म्हणतां म्हणतां 'जड वस्तु ती चांगली' ही समजूत आपल्या हाडींमाशीं खिळून जाते. संस्कृतांतही 'गुरु' म्हणजे जड आणि 'गुरु' म्हणजे पूज्य. 'लघु' बिचारा हलकाही आणि क्षुद्रही. या शब्दांच्या संगतींत आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्या जुन्या शिक्षकास ही समजूत कशी भोंवली, तें आज वाचकांस सांगावयाचें आहे.

सांगलीस माझ्या धाकट्या बंधूंचें एकत्र कुटुंब आहे. लहानथोर मिळून घरांत अकरा माणसें. त्यांतील एक नात गेल्या वर्षीं वैद्यकीच्या प्रवेशपरीक्षेचा अभ्यास करीत होती. तिचे वर्ग मोबाइलच्या पडद्यावर, दिवसाचे पांच-सहा तास चालत. इकडे माजघरांत दूरदर्शन, स्वयंपाकघरांत मिक्सर, देवघरांत घंटा आणि ओसरीवर आल्यागेल्यांची बोलणीं! मुलीनें ऐकावें काय आणि लिहावें काय? म्हणून दिवाळीस साताऱ्याहून जातांना मीं तिच्यासाठीं हेडफोन घेतला. दुकानांत दोन नमुने होते. दोन्ही हातांत तोलून पाहिले आणि जो जड लागला तो पसंत केला. हलका तो मला पोरांच्या खेळण्यासारखा वाटला.

माघांत पुन्हां सांगलीस गेलों, तों घरांत निराळीच चिंता. मुलीचें डोकें रोज दुपारनंतर दुखे. चष्मा तपासून झाला. नंबर होता तोच निघाला. माथ्यावर तेल थापून झालें. भावजयबाईंनीं मीठमोहऱ्या ओंवाळून टाकल्या. शेवटीं पुतण्या, म्हणजे तिचे वडील, मला म्हणाले, "काका, एवढा अभ्यास पोरीच्या डोक्याला झेपत नाहीं. यंदा परीक्षा राहूं द्यावी, असें मनांत आहे." मुलगी खालीं मान घालून दाराशीं उभी होती.

त्या रात्रीं मला झोंप येईना. तिचाच हेडफोन मागून घेतला आणि अब्दुल करीमखांसाहेबांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका लावून बसलों. खांसाहेब १९३७ सालीं निवर्तले. मिरजेच्या दर्ग्यांत त्यांच्या स्मरणार्थ होणाऱ्या संगीतसभेंत मीं रात्र रात्र बसून गाणें ऐकलें आहे. तेथें गुडघे दुखले, पण डोकें कधीं दुखलें नाहीं. येथें मात्र पाऊण तास होतो न होतो तोंच टाळूवर पट्टा रुतल्यासारखें झालें, आणि चष्म्याच्या काड्या कानांवर बोंचूं लागल्या. हेडफोन उतरविला, थोड्या वेळानें सारें शांत.

सकाळीं स्वयंपाकघरांतील काट्यावर तो ठेवला. वजन भरलें ३४० ग्रॅम. नातीस जवळ बोलावून विचारलें, "बाळ, दुखतें तें नेमकें कोठें?" तिनें आधीं टाळूवर व मग दोन्ही कानशिलांवर बोट ठेवलें.

"मग इतके दिवस बोलली कां नाहींस?"

"आजोबा, तुम्हीं इतक्या हौसेनें आणला होता. जड होतो, असें कसें म्हणूं?"

या उत्तरानें मी खजील झालों.

वाचक म्हणतील, मनुष्याचें डोकेंच साडेचार-पांच किलोंचें. त्यावर पाव किलो अधिक चढलें तर असें काय बिघडलें? आमच्या माण-खटावाकडील बायाबापड्यांनीं दहा-बारा किलोंच्या भरल्या घागरी डोक्यावरून वाहिल्या आहेत. खरें आहे, पण त्या घागरीखालीं चुंबळ असे. चुंबळ वजन कमी करीत नाहीं; तें अधिक जागेवर पसरून देते. दाब म्हणजे भार भागिलें क्षेत्रफळ, हें मीं फळ्यावर शेंकडों वेळां लिहिलें असेल. पण दुकानांत त्याचें स्मरण झालें नाहीं! हेडफोनाची पट्टी टाळूवरील दोन बोटें रुंद जागेवर टेकते, आणि तेथें त्वचेखालीं लगेच हाड. मऊ मांस जवळजवळ नाहींच.

दुसरी गोष्ट वेळेची. घागर विहिरीपासून घरापर्यंतच. उतरली कीं मान मोकळी. हेडफोन पांच-सहा तास चढलेला. तिसरी गोष्ट मानेची. घागर वाहणारी स्त्री मान ताठ ठेवते. आपला विद्यार्थी ती वांकवितो. पाठीच्या कण्यावर शस्त्रक्रिया करणाऱ्या एका अमेरिकन डॉक्टरांनीं २०१४ सालीं गणितानें असें मांडलें, कीं मान तीस अंश वांकली म्हणजे मानेच्या कण्यावर सुमारें १८ किलोंचा, आणि साठ अंश वांकली म्हणजे २७ किलोंचा भार येतो. त्यावर डोक्यास बांधलेलें ओझेंही मानेसच पेलावें लागतें.

आपल्या आज्यांना हें शास्त्र पुस्तकावांचून ठाऊक होतें. जड झुब्यांनीं कानाची पाळी ओघळूं नये म्हणून त्या मोत्यांचे वेल कानावरून नेऊन केसांत अडकवीत. दागिना तोच, पण भार एका नाजूक जागेवरून काढून दुसरीकडे वांटून दिलेला.

वजनाचा जोडीदार म्हणजे चिमटा. हेडफोन जड असला तर तो घसरूं नये म्हणून त्याची पकडही पुष्कळदां घट्ट ठेवावी लागते. चष्मा असेल तर त्याची काडी गादी व कानशील यांच्यामध्यें सांपडते. अशा दुखण्यास वैद्यकांत स्वतंत्र स्थान आहे. इंटरनॅशनल हेडेक सोसायटीच्या वर्गीकरणांत बाहेरील दाबानें होणारी डोकेदुखी निराळी नोंदलेली आहे. तिचीं लक्षणें सोपीं आहेत: दाब चालूं असतां तासाभरांत सुरू होते, दाबाच्या जागींच अधिक असते, आणि दाब काढल्यावर तासाभरांत थांबते. ही परीक्षा घरच्या घरीं होण्यासारखी आहे. मात्र हेडफोन उतरूनही जें दुखणें राहतें, तें डॉक्टरांसच दाखवावें.

कानांवरचें हें ओझें तसें जुनेंच आहे. १९२७ सालीं मुंबईस नभोवाणी सुरू झाली, तेव्हां स्फटिकाच्या साध्या यंत्रावर ऐकणाऱ्यास कानांना हेडफोन लावूनच बसावें लागे. सांगलीचें आकाशवाणी केंद्र १९६३ सालीं निघालें, तोंवर घरोघरीं बोलके रेडिओ आले होते. एकानें लावावा व साऱ्या घरानें ऐकावा. पुढें १९७९ सालीं जपानांत सोनी कंपनीनें वॉकमन काढला, तेव्हां हेडफोन सामान्यतः ३०० ते ४०० ग्रॅमांचे असत. चालतांना तेवढें ओझें कोण वाहणार? म्हणून त्यांनीं सुमारें ५० ग्रॅमांचा हेडफोन त्याच्यासोबत दिला. आतां विजेऱ्या, भोंवतालचा आवाज मारणारी यंत्रणा आणि धातूची चौकट यांमुळें वजन पुन्हां चढलें आहे. ॲपल कंपनीनें २०२० सालीं काढलेला हेडफोन सुमारें ३८५ ग्रॅमांचा होता. जड तो वाईटच, असें नव्हे. पट्टी रुंद व गादी मऊ असेल तर तोही सुसह्य होतो. पण रोज चार-सहा तास ऐकणाऱ्यानें २५० ग्रॅमांच्या आंत राहावें, असा मी माझ्यापुरता नियम केला आहे.

घेतांना वजन विचारावें. तें बहुधा वेष्टनावर किंवा कंपनीच्या माहितींत असतें. चष्मा लावूनच घालून पाहावा, आणि निदान पंधरा मिनिटें काढूं नये. पहिल्या मिनिटांत सर्वच मऊ लागतात. मान खालीं घालून घसरतो का, तें पाहावें. घरीं पुस्तक व पडदा डोळ्यांच्या उंचीस आणावा, आणि दर पाऊण तासानें हेडफोन उतरून चार पावलें फिरावें. चैत्र-वैशाखांत कातडी गादीखालीं घाम येतो. तिच्यावर सुती अभ्रा घालावा.

नातीसाठीं १६० ग्रॅमांचा नवा हेडफोन आणला. दुकानांत मला खेळणें वाटलेल्या नमुन्यासारखाच! आठवड्याभरांत तिच्या डोक्याची तक्रार थांबली आणि परीक्षा राहूं देण्याची भाषाही थांबली. ती परीक्षेस बसली. गुण किती मिळाले हा निराळा विषय. पण 'झेपत नाहीं' हा शिक्का तिच्या कपाळीं बसला नाहीं, हें मला मोठें वाटतें. जुना हेडफोन आतां माझ्याकडे असतो. भावजयबाईंनीं त्याच्या पट्टीस जुन्या लुगड्याची मऊ चुंबळ शिवून दिली आहे. एक राग ऐकून होईतों ती पुरते.

असो. आपण वडील माणसें लहानांना हौसेनें वस्तु देतों, आणि त्यांनीं ती हंसतमुखानें वापरावी अशी अपेक्षा करितों. त्या वस्तूबरोबर "जड झाली तर सांग हो" एवढें एक वाक्यही द्यावें. तें दिलें असतें, तर आमच्या घरीं तीन महिन्यांची डोकेदुखी टळली असती.