क्रूझवर कोटाची सक्ती?



‘क्रूझवर रात्रीच्या जेवणाला सूट-टायच लागतो, आपले कपडे चालत नाहीत,’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे पुरते खरे नाही. क्युनार्डच्या ‘क्वीन मेरी २’वर साउदॅम्प्टन–न्यूयॉर्क प्रवासात गाला संध्याकाळी डिनर जॅकेटचा थाट असतो खरा, पण औपचारिक राष्ट्रीय पोशाखालाही तिथे मुभा आहे. तेव्हा बंदगळा घाला, पैठणी नेसा, कोणी हटकणार नाही. नटायचा कंटाळाच असेल, तर किंग्ज कोर्टचा बुफे आहे. नॉर्वेजियन क्रूझ लाइनने तर २०००च्या सुमारास हे सोवळे बरेच सैल केले. खरी पंचाईत डायनिंग रूममधल्या एसीची. बिनबाह्यांच्या ब्लाउजमध्ये सूप येईपर्यंत दंडावर काटा उभा राहतो. टायआधी शाल भरा!

— एक वाचक, ठाणे