शिष्टमंडळाला दिसलेला चीन

१९५६ च्या मध्यास भारत सरकारची दोन शिष्टमंडळे शेतीचा अभ्यास करण्यासाठी चीनला गेली. एक अन्न व शेती मंत्रालयाचे, उपमंत्री एम. व्ही. कृष्णप्पा यांच्या नेतृत्वाखाली; दुसरे नियोजन मंडळाचे, नागपूरचे रा. कृ. पाटील यांच्या नेतृत्वाखाली. पाटील हे हारतुऱ्यांनी भुलणारे गृहस्थ नव्हते. आय. सी. एस. ची नोकरी त्यांनी सोडली होती, पहिल्या नियोजन मंडळावर काम केले होते, आणि शेतसारा, कर्ज, पीकपाणी यांचा हिशेब त्यांना कोणी शिकवावा लागत नव्हता. अशा माणसांनी देश हिंडून लिहिलेला अहवाल पुढे खोटा ठरतो, तेव्हा सगळा दोष त्यांच्या भाबडेपणावर ढकलणे सोपे असले तरी न्याय्य नाही.

ही मंडळी गेली तो काळ ध्यानात घ्यावयास हवा. दुसरी पंचवार्षिक योजना नुकतीच सुरू झाली होती. तिचा भर अवजड उद्योगांवर, आणि शेतीसाठी पैसा अपुरा. पंडित नेहरू १९५४ मध्ये चीन पाहून आले होते. आपल्याइतकाच दरिद्री, तितकाच दाट वस्तीचा तो देश थोड्या भांडवलात धान्योत्पादन वाढवीत असेल, तर त्याची किल्ली कोणती, हा प्रश्न दिल्लीला स्वाभाविकपणेच पडला. म्हणजे शिष्टमंडळे निघाली ती प्रश्न घेऊन नव्हे, तर अर्धे उत्तर सोबत घेऊनच. उत्पादन वाढले आहे, हे गृहीत होते. ते कसे वाढले, एवढेच पाहावयाचे होते.

आणि पाहण्यासारखे पुष्कळ होते. जमीनदारी खरोखरच मोडली गेली होती, कुळाच्या मानेवरचा खंड गेला होता. येथे कूळकायद्यातील पळवाटा पाहून विटलेल्या माणसाला या दृश्याने उमेद वाटली असल्यास त्यात नवल ते काय! परंतु जुलै १९५५ मध्ये माओंनी सहकारीकरणाचा वेग वाढविण्याचा आदेश दिला, तेव्हा जेमतेम १४ टक्के शेतकरी कुटुंबे सहकारी संस्थांत होती. १९५६ अखेर ती सुमारे ९६ टक्के झाली. प्रारंभीच्या संस्थांत सभासदाला जमिनीच्या हिश्श्याबद्दल काही मोबदला मिळे. नव्या ‘प्रगत’ संस्थांत तोही बंद झाला. ज्या शेतकऱ्याला चार-पाच वर्षांपूर्वीच आयुष्यात प्रथम स्वतःची जमीन मिळाली होती, त्याने ती अवघ्या वर्ष-दीड वर्षात आपखुशीने सोडून दिली, यावर विश्वास ठेवण्यापूर्वी कोणत्याही शेतकरीपुत्राने क्षणभर थांबावयास हवे होते.

या संस्थेतून बाहेर पडता येते काय, हा एक प्रश्न सर्व आकड्यांपेक्षा मोलाचा होता. त्याचे उत्तर १९५६-५७ च्या हिवाळ्यात चिनी शेतकऱ्यांनीच दिले. अनेक प्रांतांत कुटुंबे संस्था सोडू लागली, आपली जनावरे परत मागू लागली, आणि त्यांना पुन्हा आत आणण्यात आले. १९५३ पासून धान्याची सक्तीची सरकारी खरेदी चालू होतीच. एकेका कुटुंबाकडून धान्य वसूल करण्यापेक्षा संस्थेच्या खळ्यावरून ते उचलणे सरकारला किती सोयीचे, हे पाहुण्यांना कोण सांगणार?

पाटील शिष्टमंडळाच्या बहुमताने सहकारी शेतीचा धाडसी कार्यक्रम सुचविला. दोन सदस्यांनी मात्र तीव्र भिन्नमतपत्रिका जोडली. सरकारी खर्चाने गेलेल्या मंडळातील दोघांनी बहुमताच्या विरुद्ध लिहावे आणि सरकारने ते छापावे, ही गोष्ट आपल्याला इतकी अंगवळणी पडली आहे की तिचे मोल जाणवत नाही.

ते जाणवावे असे उदाहरण त्याच सुमारास खुद्द चीनमध्ये घडले. फेइ शियाओतुंग या समाजशास्त्रज्ञाने १९३६ मध्ये ताइ सरोवराकाठच्या एका गावाचा घरोघर हिंडून अभ्यास केला होता. १९५७ मध्ये, एकवीस वर्षांनी, ते त्याच गावी पुन्हा गेले. धान्य वाढले आहे, हे त्यांनाही दिसले. पण त्या गावचा संसार नुसत्या भातावर कधीच चालत नव्हता. रेशमाचे किडे, सूत, लहानसहान जोडधंदे यांवर चार पैसे हाती येत. सारे लक्ष धान्यावर केंद्रित झाल्याने ते धंदे बसले होते आणि लोकांच्या हातातला पैसा घटला होता. फेइ हे क्रांतीचे शत्रू नव्हते. गावाच्या भल्यासाठीच त्यांनी हे लिहिले. लेखमाला अर्धवट राहिली, त्यांच्यावर ‘उजवा’ असा शिक्का बसला आणि पुढली कित्येक वर्षे त्यांचे संशोधन बंद पडले. शिष्टमंडळापाशी नसलेली एकच वस्तू त्यांच्यापाशी होती: त्याच घरांची जुनी टिपणे.

पुढची कथा भीषण आहे. १९५८ मध्ये संस्थांचे कम्यून झाले. त्या वर्षी ३७.५ कोटी टन धान्य पिकल्याचे जाहीर करण्यात आले. पुढल्या वर्षी ते २५ कोटींवर उतरविले, आणि प्रत्यक्ष पीक २० कोटींच्या आसपास होते. फुगविलेल्या आकड्यांच्या प्रमाणात धान्य मात्र खऱ्या खळ्यांवरून उचलले गेले. १९५९ ते १९६१ च्या दुष्काळात किती माणसे मेली याचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात.

नेमक्या त्याच काळात, जानेवारी १९५९ मध्ये, काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनाने संयुक्त सहकारी शेतीचा ठराव केला. जमिनीवरील मालकी कायम राहील, असे ठरावात म्हटले होते. पण उजव्या पक्षांनी गावोगाव सांगितले की आता चीनप्रमाणे जमिनी जाणार. स्वतंत्र पक्ष त्याच वर्षी जन्मला. ज्यांना कमाल जमीनधारणेचा कायदाच नको होता, त्यांच्या हाती चीनचे नाव आयते आले. त्यांना चिनी शेतकऱ्याचा कळवळा होता, असे मानण्याचे कारण नाही. सीलिंग येईपर्यंत भाऊबंदांच्या नावे वाटण्या होत राहिल्या, आणि सहकारी शेतीच्या पाट्या जेथे लागल्या त्यांतील कित्येक मोठ्या खातेदारांनी आपली जमीन वाचविण्यासाठी व सरकारी अनुदान मिळविण्यासाठी लावल्या होत्या. सभासद म्हणून घरचीच माणसे, आणि राबण्यासाठी पूर्वीचेच मजूर. डॅनियल थॉर्नर यांनी १९५८-५९ मध्ये भारतातील अशा संस्था हिंडून पाहिल्या आणि नोंदवही बाजूला ठेवून जमीन कोणाची व नांगर कोण धरतो, एवढे विचारले.

चीनमध्ये १९७८ नंतर शेती पुन्हा कुटुंबांकडे आली व काही वर्षांतच कम्यून मोडीत निघाले. फेइ १९८१ मध्ये आपल्या गावी तिसऱ्यांदा गेले. जोडधंदे परतू लागले होते. आपल्याकडे पाटील शिष्टमंडळाचा अहवाल आता ग्रंथालयातच सापडतो. त्यात भिन्नमतपत्रिका आहे आणि बहुमताचा अहवालही आहे. दोन्ही एकत्र वाचावयास हव्यात, कारण सक्तीविषयी शंका घेणारे दोघे आणि भूमिहीनाला जमीन कशी मिळेल म्हणून चीनपर्यंत गेलेले बाकीचे, यांचे भांडण अजून मिटलेले नाही.