एकाचे वजन घटते, दुसऱ्याचे वाढते

दारू सोडण्याचा उपदेश अलीकडे नव्या वेषात येऊ लागला आहे. पूर्वी कीर्तनकार पापाचे भय दाखवीत, समाजसुधारक संसाराच्या धूळधाणीचे चित्र रंगवीत. आता डॉक्टर वजनकाटा पुढे करतात. पोटाचा घेर कमी करावयाचा असेल, रक्तदाब आटोक्यात आणावयाचा असेल, शांत झोप हवी असेल तर दारू बंद करा, असे ते सांगतात. पुरोगामी कार्यकर्त्यांच्या वर्तुळात या उपदेशाची बहुधा थट्टाच होते. खाऊनपिऊन सुखी असलेल्यांची ही काळजी, कष्टकऱ्यांच्या चळवळीला तिच्याशी काय कर्तव्य, असा सूर निघतो. ही थट्टा अस्थानी आहे. शरीर हेच ज्याचे एकमेव भांडवल, त्याच्या दृष्टीने शरीराच्या हानीचा प्रश्न चैनीचा असूच शकत नाही. उणीव आहे ती निराळ्या जागी. वजन घटविण्याचा सल्ला देणारा एकाच प्रकारच्या माणसाला उद्देशून बोलतो. ज्याचे वजन मुळातच घटलेले आहे, तो माणूस त्याच्या नजरेस पडत नाही.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या कन्नड तालुक्यातील पिशोरसारखे बाजारपेठेचे गाव डोळ्यांपुढे आणले, म्हणजे हा मुद्दा स्पष्ट होतो. मका, कापूस, अद्रक आणि ऊस यांच्या पैशावर अशा गावांचा व्यवहार चालतो. पीक विकून हाती रक्कम आलेला बागायतदार, अडत्या, कंत्राटदार, गावपातळीवरचा पुढारी हा पिणाऱ्यांचा एक वर्ग. त्यांची दारू जेवणाबरोबर आणि जेवणाखेरीज असते. सोबत तळलेले शेंगदाणे, फरसाण, मटण असते. दुसरा वर्ग शेतमजुराचा, हमालाचा, ऊस तोडणाऱ्याचा. त्याची दारू जेवणाच्या ऐवजी असते. दिवसभराच्या श्रमाने ठणकणारे अंग आणि रिकामे पोट घेऊन तो गुत्त्यावर जातो व घरी आल्यावर भाकरीचा तुकडा मोडून झोपी जातो. पहिल्याचे पोट सुटते, दुसऱ्याचे गाल बसतात. दारू सोडली तर पहिल्याचे वजन उतरते आणि दुसऱ्याच्या अंगावर मांस चढते. दोघांच्याही बाबतीत ते आरोग्याचेच लक्षण होय.

यामागील गणित अवघड नाही. एक ग्रॅम मद्यार्कापासून शरीराला सुमारे ७ कॅलरी मिळतात. पिष्टमय पदार्थाच्या एका ग्रॅमपासून ४ आणि चरबीपासून ९. ज्या बाटलीवर ४२.८ टक्के मद्यार्क असे छापलेले असते, तिच्या १८० मिलिलिटरमध्ये, म्हणजे लोक ज्याला क्वार्टर म्हणतात तिच्यात, सुमारे ६० ग्रॅम शुद्ध मद्यार्क भरतो. त्याच्या कॅलरी होतात सव्वाचारशेच्या घरात. एवढ्याच कॅलरी सव्वाशे ग्रॅम ज्वारीच्या पिठातून, म्हणजे साधारण दोन भाकरींतून मिळतात. पण त्या भाकरींत प्रथिने असतात, लोह असते, चोथा असतो. क्वार्टरमध्ये यांपैकी काहीही नसते. शिवाय मद्यार्क साठवून ठेवण्याची सोय शरीरात नाही. तो विष असल्याप्रमाणे आधी जाळावा लागतो आणि तोपर्यंत चरबी जाळण्याचे काम मागे पडते. म्हणून भरल्या ताटावर पिणाऱ्याच्या पोटात आणि यकृतात चरबी साचते. उपाशीपोटी पिणाऱ्याच्या शरीरात अन्नाची जागा दारू घेते आणि स्नायू झिजतात.

रोज एक क्वार्टर सोडणाऱ्याच्या महिन्याकाठी साडेबारा-पावणेतेरा हजार कॅलरी वाचतात. कागदावर हे दीड किलो चरबीइतके होते. प्रत्यक्ष शरीर असे कागदाप्रमाणे चालत नाही. दारू सोडलेल्या माणसाला गोडाची ओढ लागते. दिवसाला दहा कप साखरेचा चहा घेऊ लागला तर वजन हटत नाही आणि मग 'सोडून काय मिळाले' असा प्रश्न तो विचारू लागतो. त्याला आरंभीच सांगितले पाहिजे, की काट्यावर दिसणारा लाभ हा सर्वांत मोठा लाभ नव्हे. रक्तदाब काही आठवड्यांत उतरू लागतो. यकृतावरची चरबी काही आठवड्यांच्या संपूर्ण वर्ज्यतेने कमी होऊ लागते. मात्र यकृत एकदा निबर झाले, की ते पूर्ववत होत नाही. म्हणून वेळेला महत्त्व आहे. कर्करोगाच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्याची गणना कर्करोगकारक पदार्थांत केली. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये, आरोग्यास निर्धोक असे मद्याचे कोणतेही प्रमाण नाही, असे स्पष्ट केले. २०१९ या एका वर्षात जगात २६ लाख मृत्यू मद्यामुळे झाले, असा तिचा अंदाज आहे. 'थोडी औषधापुरती' या सबबीला आता शास्त्राचा आधार उरलेला नाही.

शरीराच्या हिशेबाला लागूनच पैशाचा हिशेब येतो. १० जून २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरील उत्पादन शुल्क वाढविले. त्यानंतर देशी दारूच्या १८० मिलिलिटर बाटलीची किमान किरकोळ किंमत ८० रुपये ठरली. २०२५-२६ या वर्षासाठी महाराष्ट्रात रोजगार हमीची दैनिक मजुरी ३१२ रुपये होती. रोज एक बाटली म्हणजे त्या मजुरीचा चौथा हिस्सा. वर्षाची बेरीज २९,२०० रुपये. २००५ च्या केंद्रीय कायद्याने ग्रामीण कुटुंबाला वर्षातून १०० दिवसांच्या कामाची हमी दिली होती. त्यांपैकी ९३ दिवसांहून अधिक दिवसांची मजुरी एकट्या या बाटलीने गिळली असती. ज्या महाराष्ट्राने १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा करून देशाला वाट दाखविली, त्या महाराष्ट्रातील कष्टकरी चळवळीने हा आकडा डोळ्यांआड करू नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, देशातील पंधरा वर्षांवरील पुरुषांपैकी शहरांत १६.५ टक्के, तर ग्रामीण भागात १९.९ टक्के मद्य घेतात असे आढळले. दारू ही शहरी चैन आहे हा समजही त्यामुळे टिकत नाही.

आणि शासन? राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने पोषणमान उंचावणे आणि आरोग्यास घातक मादक पेयांना बंदी घालण्याचा प्रयत्न करणे, ही दोन्ही कर्तव्ये एकाच वाक्यखंडात राज्यावर सोपविली. घटनाकारांनी भाकरी आणि बाटली यांचे नाते ओळखले होते. राज्यकर्त्यांनी ते उलटे केले. २००७ मध्ये धान्यापासून मद्यार्क बनविणाऱ्या कारखान्यांना लिटरमागे १० रुपयांचे अनुदान देण्याचे धोरण महाराष्ट्र शासनाने स्वीकारले आणि गरिबाची ज्वारी भट्टीकडे वळविण्यासाठी सार्वजनिक तिजोरी उघडी केली. डॉ. अभय बंग यांच्यासह अनेकांनी त्याविरुद्ध आवाज उठविला. पिशोरच्याच जिल्ह्यातील औद्योगिक वसाहतींत बिअरचे आणि मद्याचे मोठे कारखाने आहेत. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागत होते, तेव्हा या कारखान्यांच्या पाण्यात निम्म्याहून अधिक कपात करण्यासाठी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला आदेश द्यावा लागला. शासनाला ते स्वतः सुचले नाही. २०२५ च्या शुल्कवाढीबरोबरच धान्याधारित 'महाराष्ट्र मेड लिकर' असा नवा प्रकारही निर्माण करण्यात आला आणि सर्व मिळून वर्षाला १४ हजार कोटींचे जादा उत्पन्न अपेक्षित असल्याचे सांगण्यात आले.

शुल्क वाढविणे गैर नव्हे. दारू महाग झाली, की पिणारे कमी होतात, निदान नवे पिणारे कमी होतात, हे अर्थशास्त्राला ठाऊक आहे. परंतु ज्याला व्यसन जडले आहे तो वाढीव किंमत दारू कमी करून भरत नाही. तो ती घरातील तेलमिठातून, मुलांच्या वह्यांतून भरतो, किंवा हातभट्टीकडे वळतो. २०१५ मध्ये मुंबईत मालवणी येथे शंभराहून अधिक माणसे विषारी दारूने मेली, ती सर्व गरीब वस्तीतलीच होती. म्हणून व्यसनाधीन माणसाकडून गोळा केलेल्या कराचा काही भाग त्याच्या सुटकेसाठी खर्च व्हावा, ही मागणी केवळ न्यायाची आहे. त्या १४ हजार कोटींचा एक टक्का म्हणजे १४० कोटी. ३६ जिल्ह्यांत समान वाटले तरी जिल्ह्याला पावणेचार कोटींहून अधिक येतात. प्रत्येक तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात व्यसनमुक्तीच्या काही खाटा, औषधे आणि एक प्रशिक्षित समुपदेशक, एवढी व्यवस्था त्यात बसू शकते.

नुसत्या बंदीने हा प्रश्न सुटेल असे मानणाऱ्यांनी चंद्रपूरचा अनुभव तपासावा. तेथे २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. नुसत्या परवान्यांनी तो सुटेल असे मानणाऱ्यांना तर गावोगावच्या स्त्रियांनी उत्तर दिलेलेच आहे. २००८ च्या शासन आदेशाने गावातील स्त्रियांना गुप्त मतदानाने दुकान बंद करण्याचा अधिकार दिला. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते 'आडव्या बाटली'ला पडावी लागतात. गैरहजर राहिलेली स्त्री दुकानाच्या बाजूने मोजली जाते. निवडणुकीत आमदारालाही न घातलेली ही अट असूनही अनेक गावांनी बाटली आडवी केली. हा स्त्रियांचा पराक्रम आहे. पण दुकान हटले तरी माणसाच्या शरीराला लागलेली सवय हटत नाही. गडचिरोलीत १९९३ मध्ये लोकचळवळीतून दारूबंदी झाली, आणि तरीही २०१६ पासून 'मुक्तिपथ' कार्यक्रमातून व्यसनींसाठी उपचार गावापर्यंत न्यावे लागले, याचा अर्थ हाच आहे.

वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्या माणसाने एकाएकी दारू बंद केली, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, घाम फुटतो, भास होतात, कधी झटके येतात आणि उपचाराविना प्राणही जाऊ शकतो. घरचे लोक ती बाहेरची बाधा समजतात, नाहीतर 'उतारा' म्हणून पुन्हा पाजतात. अशा वेळी डॉक्टर, जीवनसत्त्व ब-१ आणि देखरेख हवी असते; शपथेचा अंगारा पुरत नाही. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगणाने व्यसनी माणूस हा गुन्हेगार नसून रुग्ण आहे, हा विचार महाराष्ट्रात रुजविला. पण पिशोरच्या मजुराने उपचारासाठी पुण्यास जाऊन राहायचे, तर तेवढ्या दिवसांची मजुरी कोण देणार? १४४४६ ही व्यसनमुक्तीची निःशुल्क राष्ट्रीय दूरध्वनी सेवा आहे. तिची माहिती तरी किती चावड्यांवर लिहिलेली आहे?

येथे पक्षकार्यकर्त्याचे काम सुरू होते. गावात दारू सोडू पाहणारा माणूस एकाकी असतो. पिणारे सोबती त्याची टर उडवितात, न पिणारे त्याच्यावर विश्वास ठेवीत नाहीत. तो एकदा घसरला, की 'हा कधी सुधारायचा नाही' असा निकाल लागतो. खरे पाहता पुन्हा घसरणे हा या रोगाचाच भाग आहे. अशा माणसाला तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन जाणे, पहिले आठ दिवस त्याच्या घरी डोकावणे, संध्याकाळच्या ज्या वेळी पाय गुत्त्याकडे वळतात त्या वेळी त्याला वाचनालयात, भजनात, कबड्डीच्या मैदानावर किंवा पक्षाच्या बैठकीत बोलावून घेणे, ही कामे मोर्च्याइतकीच राजकीय आहेत. त्याच्या हाती राहिलेल्या ८० रुपयांतून घरात डाळ, अंडी, दूध येते की नाही, हे पाहणेही त्यातच येते. नाहीतर दारू सुटेल आणि शरीर होते तसेच उपाशी राहील.

आणि एक अप्रिय गोष्टही बोलून टाकली पाहिजे. निवडणुकीच्या रात्री गावागावांत ज्या पेट्या उतरतात, त्या उतरविणारे हात केवळ विरोधकांचेच असतात असे नाही. बैठक संपल्यावर ढाब्यावर बसून क्रांतीच्या गोष्टी करणाऱ्यांची वजनेही वाढलेली आहेत. १८८० मध्ये पुण्यात दारूच्या गुत्त्यांची संख्या वाढू लागली, तेव्हा महात्मा जोतीराव फुले यांनी नगरपालिकेचे सभासद या नात्याने लेखी निषेध नोंदविला आणि नगरपालिका शहराच्या आरोग्यासाठी खर्च करीत असता गुत्ते वाढू देणे विसंगत असल्याचे दाखवून दिले. जो हिशेब त्यांनी सत्तेपुढे मांडला, तो कार्यकर्त्याने प्रथम स्वतःपुढे मांडावा. आरोग्यासाठी दारू सोडणे हे आत्मकेंद्री मध्यमवर्गीय खूळ आहे असे म्हणण्याआधी आपली तब्येत, आपला खर्च आणि आपली संध्याकाळ तपासावी. ज्याने स्वतः सोडली आहे, किंवा सोडताना दोनदा घसरून तिसऱ्यांदा उभा राहिला आहे, त्याचे बोलणे मजूर ऐकून घेतो.

पक्षाच्या तालुका शाखांनी येत्या काळात दोन कामे हाती घ्यावीत. मद्यशुल्काच्या जादा उत्पन्नातील एक टक्का तालुका रुग्णालयांतील व्यसनमुक्ती उपचारांसाठी राखून ठेवावा, अशी मागणी ग्रामसभांच्या ठरावांतून शासनाकडे लावून धरावी. आणि प्रत्येक गावात सोडू पाहणाऱ्या निदान एका माणसाची जबाबदारी शाखेने घ्यावी. त्याचे वजन घटते की वाढते, हे तो कोणत्या ताटावरून उठला आहे यावर ठरेल. तो दुसऱ्या दिवशी धडधाकट कामावर जातो की नाही, हे मात्र शाखा त्याच्या पाठीशी उभी राहते की नाही यावर पुष्कळ अंशी अवलंबून राहील.